एलिझाबेथकालीन इंग्लंड : खिडक्या आणि धुराडी

पहिल्या एलिझाबेथ राणीचा काळ (१५५८ ते १६०३) आपल्या शालेय इतिहासात चार-पाच ठरावीक गोष्टींतून भेटतो. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचा पराभव, शेक्सपिअरची नाटके, धर्मसुधारणेचे तंटे आणि ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेली सनद. या यादीत घरे नसतात. खरे तर त्या पंचेचाळीस वर्षांत इंग्लंडमध्ये जे बदलले त्याचा सर्वांत टिकाऊ पुरावा घरांतच आहे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही, पदार्थांच्या रसायनाचे अभ्यासक आहोत. त्यामुळे या घरांकडे आमची नजर प्रथम जाते ती काचेपासून आणि धुरापासून. इतिहासकारांनी तेवढी मुभा द्यावी.

डर्बीशायर परगण्यात एका टेकडीवर हार्डविक हॉल नावाचा वाडा आहे. १५९० ते १५९७ या काळात तो बांधला गेला. बांधणारी होती श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ, लोकांच्या तोंडी 'बेस ऑफ हार्डविक'. साध्या जमीनदार घरात जन्मलेली ही बाई चार विवाह करून, चारही वेळा विधवा होऊन, राणीच्या खालोखाल श्रीमंत स्त्रियांत गणली गेली होती. वाड्याला सहा मनोरे आहेत आणि प्रत्येकाच्या कठड्यावर तिच्या नावाची आद्याक्षरे दगडात कोरून आभाळावर उभी केली आहेत. पण पाहणाऱ्याचे लक्ष वेधतात त्या खिडक्या. तळमजल्यावर त्या बेताच्या, पहिल्या मजल्यावर मोठ्या आणि दुसऱ्या मजल्यावर प्रचंड आहेत. संध्याकाळच्या उन्हात सारा पश्चिम दर्शनी भाग एकच आरसा असावा तसा चमकतो. या घरात भिंत कमी आणि काच जास्त, अशा अर्थाची एक यमक जुळवलेली म्हण इंग्रजीत रूढ झाली, ती उगाच नव्हे.

आता पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर हा वेडेपणा आहे. एकेरी काचेतून बाहेर जाणारी उष्णता त्याच क्षेत्रफळाच्या जाड दगडी भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेच्या साधारण तिप्पट असते. शिवाय तो काळ युरोपच्या हवामानातील थंडीचा. १५६४-६५ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठून लोक तिच्यावर चालले, खेळले. अशा देशात उत्तरेकडच्या टेकडीच्या माथ्यावर काचेचे घर का बांधावे? फ्रान्सिस बेकननेही पुढे १६२५ साली इमारतींवरील आपल्या निबंधात तक्रार केली की काही घरे काचेने इतकी भरलेली असतात की ऊन किंवा थंडी चुकवायला कुठे जावे तेच कळत नाही. म्हणजे ही गैरसोय त्या काळच्या लोकांना कळत होती. कळूनही ते बांधत होते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

पहिले कारण म्हणजे काच महाग होती. ती किती महाग होती याचा अंदाज एका लहानशा नोंदीवरून येतो. १५६७ साली नॉर्थम्बरलंडच्या अर्लच्या अ‍ॅनिक किल्ल्याची पाहणी झाली. त्या अहवालात कारभाऱ्याने असे सुचवले आहे की मालक मुक्कामाला नसतील तेव्हा खिडक्यांच्या काचा उतरवून सुरक्षित ठेवाव्यात आणि ते परतले की पुन्हा बसवाव्यात, नाहीतर वाऱ्याने त्या खराब होतात व दुरुस्तीचा खर्च फार येतो. खिडकीची काच ही चांदीच्या भांड्यासारखी, कुलपात ठेवण्याची वस्तू होती. सामान्य घरात खिडकी म्हणजे भिंतीतले एक भोक. त्याला लाकडी झडप, विणलेल्या काटक्यांची जाळी किंवा फार तर तेल लावलेले कापड.

काच बनते वाळूपासून. पण शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते त्या काळच्या भट्टीला झेपणारे नव्हते. म्हणून वाळूत बीच किंवा ओक लाकडाची राख मिसळत. राखेतील पोटॅशमुळे मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू बराच खाली येतो. बाराव्या शतकातील एका जुन्या कृतीत दोन भाग राखेला एक भाग वाळू असे प्रमाण दिले आहे. राखही लाकडाची आणि भट्टीचे जळणही लाकूडच. म्हणून काचेचा कारखाना जंगलात असे, आणि जवळचे जंगल संपले की तो पुढे सरके. वाळूत लोहाचा अंश असल्यामुळे काच हिरवट निघे. फुग्यासारखी फुगवून तिची नळी करायची, नळी उभी चिरून उलगडायची, किंवा फुगा गरगर फिरवून त्याची तबकडी करायची. दोन्ही रीतींत मोठा सपाट तुकडा मिळत नसे. म्हणून लहान लहान चौकटी शिशाच्या पट्ट्यांनी जोडून खिडकी भरावी लागे. हार्डविकची अवाढव्य खिडकी जवळून पाहिली तर ती अशी हजारो तुकड्यांची गोधडी आहे.

एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा इंग्लंडमध्ये खिडकीची चांगली काच जवळजवळ बनतच नव्हती. ती नॉर्मंडी, लोरेन आणि ऱ्हाइनच्या काठावरून येई. १५६७ साली अँटवर्पहून आलेल्या जाँ कारे नावाच्या व्यापाऱ्याने खिडकीच्या काचेसाठी राणीकडून परवाना मिळवला आणि लोरेन व नॉर्मंडीतील काचकारांची कुटुंबे दक्षिण इंग्लंडच्या वील्ड जंगलात आणून वसवली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये स्पेनच्या फौजा उतरल्या होत्या. तिथल्या प्रॉटेस्टंट कारागिरांना पळून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि इंग्लंडला कारागीर हवेच होते. परवान्यात इंग्रज माणसांना ही विद्या शिकवावी अशी अट होती. ती काही या कुटुंबांनी मनापासून पाळली नाही. काचेची विद्या बापाकडून मुलाकडे जाई, जावयाकडेसुद्धा सहजासहजी जात नसे. (आपल्याकडच्या कारागिरांचा इतिहास वाचणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.)

या स्थलांतराचा पुरावा केवळ कागदोपत्री नाही, तो काचेच्या आत आहे. जुन्या इंग्रजी जंगल-काचेत पोटॅश भरपूर असे, आणि अशी काच ओल्या हवेत लवकर खराब होते. पोटॅशियम झिजून जाते व पृष्ठभागावर खवले धरतात. लोरेनच्या कुटुंबांनी बनवलेल्या काचेत चुन्याचे प्रमाण जास्त आणि पोटॅश कमी आहे, म्हणून ती अधिक टिकाऊ. आज खिडकीजवळ हाती धरण्याजोगे क्ष-किरण उपकरण नेऊन, काच न उतरवता, तिच्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजता येते आणि हा तुकडा १५६७ च्या आधीच्या पद्धतीचा की नंतरचा हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. एका राजकीय छळाची तारीख काचेच्या रसायनात उमटावी, ही आम्हांला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

काच देशात बनू लागली तशी ती स्वस्त झाली. पण हार्डविकइतकी काच स्वस्त नव्हतीच. बेसने आपल्या जमिनीवर स्वतःचा काच-कारखाना चालवला. दगड तिच्या खाणीचा, शिसे तिचे, लाकूड तिचे. तरीही इतक्या खिडक्या कशाला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर राणीच्या स्वभावात आहे.

एलिझाबेथने वडील आठवे हेन्री यांच्याकडून पन्नासच्या आसपास राजवाडे व घरे मिळवली होती आणि तिने स्वतः नाव घेण्याजोगा एकही नवा राजवाडा बांधला नाही. ती काटकसरी होती. उन्हाळ्यात लंडनमध्ये साथी सुरू झाल्या की ती दरबारासह, शेकडो गाड्या सामान घेऊन दौऱ्यावर निघे आणि सरदारांच्या घरी उतरे. म्हणजे राणीच्या राजवाड्यांचा खर्च सरदार करीत. १५७५ साली जुलै महिन्यात केनिलवर्थ येथे रॉबर्ट डडलीने तिचा एकोणीस दिवस पाहुणचार केला. नाटके, शिकार, आतषबाजी, तळ्यावरचे देखावे, काही म्हणून कमी नव्हते. तिचा मुख्य सल्लागार विल्यम सेसिल याच्या थीबाल्ड्स या घरी ती दहाहून अधिक वेळा गेली आणि दर खेपेस त्याला घर वाढवत न्यावे लागले. जॉन समरसन या वास्तु-इतिहासकाराने या घरांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'अचाट घरे' असा करता येईल. ती राहण्यासाठी नव्हती, राणी येईल या आशेवर बांधलेली रंगमंचाची सजावट होती.

सर्वांत करुण कहाणी होल्डनबीची. राणीचा लाडका दरबारी क्रिस्टोफर हॅटन याने नॉर्दम्प्टनशायरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या घरांपैकी एक बांधले. राणी आल्याशिवाय आपण त्यात निजणार नाही असे तो म्हणे. राणी कधीच आली नाही. १५९१ साली हॅटन कर्जबाजारी स्थितीत मरण पावला आणि साठ-सत्तर वर्षांच्या आत घराचा बहुतेक भाग पाडून दगड विकला गेला. हार्डविकच्या वरच्या मजल्यावरील भव्य दालनातही राणीचे राजचिन्ह बसवले आहे आणि भोवती गिलाव्यातून रंगीत अरण्य उभे केले आहे, त्यात शिकारीची देवता डायाना आहे. राणी तिथेही आली नाही. बेसच्या मनात आणखी एक हिशेब होता. तिची नात आर्बेला स्टुअर्ट हिचा गादीवर हक्क पोचत होता. आजीने नातीसाठी राजवाडा आधीच बांधून ठेवला असे म्हणायला हरकत नाही. गादी मात्र जेम्सला मिळाली.

या घरांसाठी पैसा आणि जमीन आली कुठून? बरीचशी मठांतून. १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने देशातील मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि पुढे विकल्या. लाँगलीटची मठाची जागा जॉन थिनने ५३ पौंडांना घेतली. तिथले घर १५६७ साली जळाले आणि त्याने ते नव्याने बांधायला काढले. त्या कामावर १५६८ पासून एक गवंडी आला, रॉबर्ट स्मिथसन. लाँगलीटनंतर वुलटन आणि त्यानंतर हार्डविक या घरांशी त्याचे नाव जोडलेले आहे.

वास्तुशिल्पी हा शब्दच इंग्रजीत तेव्हा नवा होता. जॉन शूट नावाच्या चित्रकाराने इटली पाहून १५६३ साली वास्तुकलेवरील पहिले इंग्रजी पुस्तक लिहिले आणि स्वतःला चित्रकार व 'आर्किटेक्ट' म्हणवून घेतले. तोपर्यंत घर बांधत तो मुख्य गवंडी आणि मुख्य सुतार, मालकाशी बोलून, मागच्या घरावरून पुढचे घर. पण याच सुमारास भूमितीचे वारे आले. लिओनार्ड डिग्जने १५५६ साली जमीन मोजणारे, सुतार आणि गवंडी यांच्यासाठी मोजमापाचे पुस्तक इंग्रजीत काढले. १५७० साली हेन्री बिलिंग्सलीने युक्लिडचे पहिले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. घनभूमितीच्या भागात कागदाच्या उचलून उभ्या करता येतील अशा आकृत्या चिकटवल्या होत्या. (शिक्षकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. शैक्षणिक साधनांचा शोध आपण समजतो तितका नवा नाही.) त्याला जॉन डी याने लिहिलेल्या विस्तृत प्रस्तावनेत वास्तुकलेला गणिती कलांमध्ये स्थान दिले आहे. स्मिथसन १६१४ साली, ७९ व्या वर्षी वारला. वुलटनच्या चर्चमधील त्याच्या स्मृतिशिलेवर त्याला वास्तुशिल्पी व सर्वेक्षक म्हटले आहे. गवंड्याचा वास्तुशिल्पी होण्याला एक आयुष्य लागले.

हार्डविकच्या आराखड्यात ही भूमिती दिसते. खिडक्यांसाठी बाहेरची भिंत मोकळी करायची तर भार कुणी पेलायचा? स्मिथसनच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या या आराखड्यात घराच्या मधोमध एक जाड भिंत कण्यासारखी जाते, आणि धुराडी बाहेरच्या भिंतीत न ठेवता बहुतेक या आतल्या भिंतींत घेतली आहेत. त्यामुळे बाहेरून सर्वत्र काच बसवता आली. समतोलाचा हट्ट इतका की काही खिडक्या खोट्या आहेत. बाहेर काच, आत भिंत. समतोल बाहेरच्या डोळ्यासाठी आहे. जुने इंग्रजी घर आपल्या वाड्यासारखे चौकाकडे तोंड करून बसलेले असे. नवे घर बाहेर पाहू लागले, आणि बाहेरून पाहिले जाऊ लागले.

सजावट मात्र इटलीहून थेट आली नाही, अँटवर्पच्या छापखान्यांतून आली. सेर्लिओ या इटालियनाची पुस्तके आणि फ्रेडमान द फ्रीस या डचाची नमुन्यांची पाने समोर ठेवून इंग्रज कारागीर खांब, कमानी आणि चामड्याच्या पट्ट्या वळवल्यासारखी नक्षी घडवीत. इटालियन माणसाला ते खिचडी वाटले असते. आम्हांला या खिचडीची चव आवडते. पुस्तकातून शिकणाऱ्या माणसाची उत्सुकता आणि चुका दोन्ही तिच्यात आहेत.

पुस्तकातून शिकण्याचा एक नमुना चेशायरमधील लिटल मोर्टन हॉल या लाकडी घरात आहे. तिथल्या वरच्या लांब दालनाच्या दोन टोकांना गिलाव्यात दोन आकृत्या काढल्या आहेत. एकीकडे नियती, तिचा गोल ज्ञानाच्या ताब्यात. दुसरीकडे दैव, त्याचे चाक अज्ञानाच्या ताब्यात. ही कल्पना घेतली आहे रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५६ सालच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून. हा रेकॉर्ड म्हणजे १५५७ साली बरोबरचे चिन्ह (=) प्रथम छापणारा गणिती. 'स्फिअर' म्हणजे गोल हा शब्द काढताना गिलाव्याच्या कारागिराने 'स्पिअर' असे लिहिले आहे, म्हणजे भाला! गणिताच्या पुस्तकातील चित्र दिवाणखान्यात काढून घेणारा एक गावठी जमीनदार आणि त्याचा अक्षरओळख बेताचीच असलेला कारागीर. या दोघांत त्या काळाची संस्कृती जितकी दिसते तितकी एखाद्या राजवाड्यात दिसत नाही. हे दालन मागाहून, घराच्या डोक्यावर चढवलेले आहे. त्याच्या भाराने खालची चौकट वाकली, ती अजून तशीच वाकडी उभी आहे.

भूमितीचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण नॉर्दम्प्टनशायरमधील रशटनचे. एलिझाबेथच्या राज्यात कॅथॉलिक पंथाला बंदी होती. टॉमस ट्रेशम हा कॅथॉलिक सरदार आपल्या श्रद्धेपायी अनेक वर्षे कैदेत व नजरकैदेत राहिला, जबर दंड भरत राहिला. सुटल्यावर त्याने १५९३ ते १५९७ या काळात एक त्रिकोणी इमारत बांधली. तीन भिंती, तीन मजले, दर भिंतीवर तीन शिखरे आणि दर मजल्यावर तीन खिडक्या. प्रत्येक बाजू ३३ फूट ४ इंच, म्हणजे तिन्ही मिळून बरोबर १०० फूट. त्रैक्याची जी श्रद्धा तोंडाने बोलणे धोक्याचे होते ती त्याने दगडात मोजून दाखवली. शिवाय लॅटिनमध्ये 'त्रेस' म्हणजे तीन, तेव्हा नावावरही श्लेष साधला. क्षेत्रफळ काढणे वर्गातील मुलांवर सोपवावे. उत्तर सुमारे ४८१ चौरस फूट येते.

याच छळाचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. विल्टशायरचा टॉमस स्टीफन्स हा कॅथॉलिक तरुण देश सोडून रोमला गेला आणि जेझुइट होऊन ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ साली रायतूर येथे छापलेले मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' त्याचे. एलिझाबेथच्या प्रजाजनांपैकी एकाने मराठीत हजारो ओव्या लिहिल्या. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती, अकबराच्या नावे राणीचे पत्र घेऊन निघालेले, गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडले तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला मदत करणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता. असो.

आतापर्यंत श्रीमंतांच्या घरांविषयी बोललो. साध्या माणसाच्या घरात खिडकीपेक्षा मोठी क्रांती झाली ती धुराड्याने. त्याआधीचे शेतकऱ्याचे घर म्हणजे ओकच्या लाकडाची चौकट, मध्ये काटक्या विणून वर माती लिंपलेल्या भिंती (आपल्या कोकणातील कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणावी), वर गवताचे छप्पर आणि आत एकच उंच दालन. दालनाच्या मधोमध आगटी पेटलेली. धूर वर चढून छपरातून वाट मिळेल तसा बाहेर जाई. धुराने दालनाचा वरचा भाग कायम भरलेला असल्यामुळे तिथे माळा घालता येत नसे. आजही काही जुन्या घरांच्या छपरात काजळीने काळे पडलेले वासे सापडतात आणि त्यावरून ते घर कधीकाळी धुराड्याविना होते हे कळते.

विटांचे धुराडे भिंतीत उभे राहिले आणि धूर बांधला गेला. लगेच वरची जागा मोकळी झाली. तिथे तक्तपोशी घालून दुसरा मजला करता आला, मग जिना आला, मग निजायच्या खोल्या वेगळ्या झाल्या. मालक आणि नोकर एका आगटीभोवती बसत ते वेगळे बसू लागले. इसेक्समधील रॅडविंटर गावचा धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशवर्णनात गावातील म्हाताऱ्यांचे म्हणणे नोंदले आहे. त्यांच्या मते हयातीत तीन गोष्टी बदलल्या: धुराडी वाढली, गवताच्या बिछान्याऐवजी गाद्या-उशा आल्या आणि लाकडी भांड्यांऐवजी कथिलाची भांडी आली. हॅरिसन स्वतः मात्र कुरकुरतो. धुराने घराचे लाकूड टणक होई आणि माणसेही, आता धुराडी आली आणि सर्दी-पडसेही आले असे त्याचे मत. इतिहासकार हॉस्किन्स याने १९५३ साली १५७० ते १६४० या काळाला 'महान पुनर्बांधणी' असे नाव दिले. पुढच्या संशोधकांनी तारखांबद्दल वाद घातला आहे, कारण आता घरांचे वय सांगायला लाकूडच बोलते. ओकच्या तुळईतील वर्षवलयांची जाडी-बारीकी जुळवून झाड कोणत्या वर्षी तोडले ते काढता येते. सालीजवळचे शेवटचे वलय शाबूत असेल तर कधी कधी ऋतूसुद्धा सांगता येतो. आणि त्या काळी ओक ओला असतानाच घडवीत, तेव्हा तोडल्याचे वर्ष म्हणजे जवळजवळ बांधणीचे वर्ष.

ओक ओला असतानाच घडवण्याच्या या पद्धतीमुळे एक नाट्यगृहही चालते झाले. चौकट सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवीत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आरपार लाकडी खुंटी. प्रत्येक सांध्यावर छिन्नीने रोमन अंक कोरीत, कारण रोमन अंक सरळ रेषांचे असतात. मग सगळे सुटे करून जागेवर नेऊन उभे करीत. जे जुळवता येते ते सोडवताही येते. मूळचा सुतारकाम करणारा नट जेम्स बर्बेज याने १५७६ साली लंडनच्या शोरडिच भागात 'द थिएटर' हे नाट्यगृह बांधले होते. जागेचा भाडेपट्टा संपून जागामालकाशी तंटा झाला. तेव्हा डिसेंबर १५९८ मध्ये बर्बेजच्या मुलांनी पीटर स्ट्रीट या सुताराला घेऊन नाट्यगृहच सोडवले. १५९९ साली नदीपलीकडे त्याच लाकडांतून 'ग्लोब' उभे राहिले. शेक्सपिअर त्याच्या भागीदारांपैकी एक. एक पेनी देऊन उघड्या चौकात उभ्याने नाटक पाहता येई. १९८९ साली सापडलेल्या 'रोझ' नाट्यगृहाच्या पायावरून ते चौदा बाजूंचे होते हे कळले. पण २०१६ साली 'कर्टन' नाट्यगृह उकरले गेले तेव्हा ते चक्क आयताकृती निघाले. गोल नाट्यगृहाचे पाठ्यपुस्तकातील चित्र तेवढे सर्वसामान्य मानू नये.

धुराडी, विटा, काच, लोखंड, जहाजे या सर्वांना लाकूड हवे होते. राणीच्या पहिल्याच संसदेने समुद्र व नौकानयनाच्या नद्यांपासून चौदा मैलांच्या आतील मोठे वृक्ष लोखंडाच्या भट्ट्यांसाठी तोडण्यास मनाई केली. सरपण महागले तसा लंडनमध्ये न्यूकॅसलचा दगडी कोळसा येऊ लागला. कोळशाचा गंधकयुक्त धूर उघड्या आगटीवर सोसत नाही, त्याला धुराडे लागतेच. म्हणजे धुराड्याने कोळशाची वाट मोकळी केली आणि कोळशाने धुराड्याची गरज वाढवली. १६०० च्या सुमारास लंडनची वस्ती दोन लाखांच्या घरात गेली होती आणि शहराच्या हवेबद्दल राणीचीही तक्रार होती. १६१५ साली, जेम्सच्या राज्यात, काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यावर बंदी आली. लोरेनची काचकार कुटुंबे कोळशाच्या मुलखात, स्टूरब्रिज आणि न्यूकॅसलला सरकली.

या भरभराटीचा हिशेब मांडताना एक तारीख आम्हांला सोडवत नाही. बेस आपल्या नव्या घरात राहायला गेली ती ४ ऑक्टोबर १५९७ रोजी. १५९४ पासून इंग्लंडमध्ये लागोपाठ पिके बुडत होती, आणि १५९६ चे वर्ष तर फारच वाईट गेले. धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले, उत्तरेत लोक उपासमारीने मेले. नोव्हेंबर १५९६ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये काही माणसांनी जमिनींना घातलेली कुंपणे तोडण्याचा कट केला, तो उघडकीला आला आणि त्यांना देहदंड झाला. हार्डविकच्या वरच्या मजल्यावर काचा बसत होत्या त्या याच महिन्यांत. त्याआधी १५८९ च्या कायद्याने चार एकर जमीन जोडल्याशिवाय नवी झोपडी बांधण्यास बंदी घातली होती. 'महान पुनर्बांधणी' ज्यांच्या वाट्याला आली ते शेतकरी होते, भूमिहीन मजूर नव्हते. त्यांची घरे काही उरली नाहीत. घरांवरून इतिहास वाचताना हे विसरता कामा नये की पडून गेलेली घरे बोलत नाहीत.

अखेरीस वुलटनकडे येऊ. नॉटिंगहॅमजवळचा हा वाडा फ्रान्सिस विलोबीने १५८० ते १५८८ या काळात कोळशाच्या खाणींच्या उत्पन्नावर स्मिथसनकडून बांधून घेतला. त्याने पुढे लोखंड, नीळसदृश रंगाचे पीक, काच असे अनेक उद्योग करून पाहिले आणि कर्जात बुडाला. १६७२ साली तरुण वयात वारलेला पक्षी व मत्स्य-अभ्यासक फ्रान्सिस विलबी हा त्याचा पणतू. त्याच्या माशांवरील ग्रंथाच्या छपाईत रॉयल सोसायटीचे पैसे संपले आणि न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा खर्च हॅलीला पदरचा करावा लागला, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेल. वाड्यात १९२६ पासून निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे.

विलोबीचा जावई पर्सिव्हल याला वारशात कर्जही मिळाले. ते फेडण्यासाठी त्याने हंटिंग्डन बोमाँट या खाणवाल्याशी भागीदारी केली. कोळसा चिखलाच्या रस्त्याने नेणे परवडेना. तेव्हा बोमाँटने स्ट्रेली ते वुलटन असे सुमारे दोन मैल लाकडी रूळ टाकले आणि त्यांवरून घोडे लावून गाडे ओढवले. हे काम १६०४ च्या ऑक्टोबरपर्यंत पुरे झाले होते, राणी जाऊन दीड वर्ष झाले होते. ब्रिटनमधील जमिनीवरचा, ज्याची पक्की नोंद आहे असा पहिला रूळमार्ग तो हाच. बोमाँट १६२४ साली नॉटिंगहॅमच्या तुरुंगात, कर्जापायी कैदेत असताना वारला.